नकली पापण्या : लावणे सोपे, काढणे महत्त्वाचे

वलीम्याच्या दिवशी सकाळी सात वाजता माझा फोन वाजला. आदल्या दिवशी निकाह होऊन सासरी गेलेली माझी भाची पलीकडून हळू आवाजात बोलत होती. "खाला, उजवा डोळा उघडतच नाही. पाणी थांबत नाही. इथं कुणाला सांगू?"

मी आणि माझी बहीण होतो तशाच निघालो. तिच्या खोलीत जाऊन पाहिले तर दोन्ही पापण्या सुजलेल्या, उजवा डोळा लालभडक. बाहेर पाहुण्या बायकांची कुजबुज सुरू होती. एकीने तर आमच्यासमोरच विचारले, "पोरगी रात्रभर रडली की काय?" नव्या सुनेच्या पहिल्याच सकाळी असा प्रश्न निघाला, की खरे उत्तर दिले तरी थोडा संशय मागे उरतोच.

खरे उत्तर साधे होते. आदल्या दिवशी तिच्या डोळ्यांवर नकली पापण्या लावल्या होत्या आणि त्या लावणारी मी होते.

पार्लरवालीने नवरीच्या मेकअपचे सांगितलेले पैसे ऐकून आम्ही सगळे घरीच करायचे ठरवले होते. मोबाइलवर दोन व्हिडिओ पाहिले. बाजारातून पापण्यांचे पाकीट आणले. त्यात ग्लूची छोटी नळी फुकट होती. तिच्यावर काय छापले आहे, हे मी वाचलेसुद्धा नाही. उतारा दोनदा वाचल्याशिवाय उत्तर लिहू नका, असे मुलांना रोज सांगणारी मी! सकाळी अकराला लावलेल्या त्या पापण्या रात्री दोन वाजता थकून गेलेल्या मुलीने अर्धवट झोपेत, पाणी न लावता, ओढून काढल्या.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी डोळ्यात पिवळा रंग घालून निळ्या उजेडात तपासले. ग्लूमुळे पापण्यांना ॲलर्जी आली होती. ओढताना तिचे स्वतःचे काही केस मुळासकट निघाले होते आणि बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यावर बारीकसा ओरखडा होता. औषधाने तीन दिवसांत तो भरला, अल्हम्दुलिल्लाह. पण वलीम्याला ती ओढणी डोळ्यांपर्यंत ओढून बसली, ते माझ्या मनातून जात नाही. निघताना डॉक्टर म्हणाले, "लावायला सगळ्या शिकतात हो, काढायला कुणी शिकत नाही."

त्यानंतर मी हा विषय नीट समजून घेतला. आपल्या घरांतल्या मुली लग्नाला, मंगनीला, ईदला या पापण्या लावतात. नको म्हटले तर आपल्या पाठीमागे लावतात. म्हणून आयांनी, खालांनी आणि मुलींनी मिळून वाचावे, अशा हेतूने हा लेख लिहीत आहे.

पापणीचे केस कशासाठी असतात?

आधी शब्दांचा घोळ मिटवू. मराठीत डोळ्यावर मिटणारी कातडी आणि तिच्या काठावरचे केस, दोन्हींना आपण पापणीच म्हणतो. उर्दूत कातडीला पपोटा म्हणतात आणि केसांना पलक. या लेखात कातडीला पापणी आणि केसांना पापणीचे केस म्हणू. बाजारातल्या नकली केसांना मात्र सगळे नकली पापण्याच म्हणतात, तेव्हा तो शब्द तसाच ठेवू.

वरच्या पापणीला साधारण ९० ते १५० केस असतात, खालच्या पापणीला त्याहून कमी. त्यांची लांबी फार तर एक सेंटिमीटरच्या आसपास असते. डोक्याचे केस वर्षानुवर्षे वाढतात. पापणीचा केस मात्र ठरावीक लांबीला थांबतो, काही महिने राहतो, गळतो आणि त्या जागी नवा येतो. म्हणून रोज एखाददुसरा केस गळणे काळजीचे नाही. मुळासकट उपटलेला केस पुन्हा यायला काही आठवडे लागतात आणि मुळाला वारंवार इजा झाली तर तो येतच नाही.

हे केस शोभेसाठी दिलेले नाहीत. धूळ, किडा, तिखटाची पूड डोळ्याजवळ आली की आधी त्यांना स्पर्श होतो आणि डोळा आपोआप मिटतो. त्यांचे आणखी एक काम अमेरिकेतील संशोधकांनी २०१५ साली दाखवून दिले. त्यांनी सस्तन प्राण्यांच्या २२ जातींचे डोळे आणि पापण्यांचे केस मोजले. बहुतेकांत केसांची लांबी डोळ्याच्या रुंदीच्या साधारण एक तृतीयांश भरली. मग कृत्रिम डोळा बनवून त्यावर वारा सोडून पाहिला. एवढ्या लांबीचे केस असताना डोळ्याचा ओलावा उडण्याचे आणि धूळ बसण्याचे प्रमाण जवळपास निम्म्यापर्यंत खाली येत होते. केस त्याहून लांब केले, की ते वाऱ्याला उलट डोळ्याकडे वळवत आणि डोळा जास्त कोरडा पडे.

म्हणजे जी लांबी आपल्याला मिळाली आहे, ती मोजूनमापून मिळाली आहे. पाकिटावरची जास्तीत जास्त लांब, जास्तीत जास्त दाट पापणी उचलण्याआधी एवढे लक्षात ठेवावे. मंडपातल्या पंख्याखाली नवरीचे डोळे चुरचुरतात, त्याला जागरणाबरोबर या लांब पापण्यांचाही हात असू शकतो.

ही पद्धत आली कुठून?

डोळे रेखण्याची आवड नवी नाही. प्राचीन इजिप्तमध्ये स्त्रीपुरुष दोघेही काजळ घालत. पण केस चिकटवण्याची पद्धत अलीकडची. १९११ मध्ये ॲना टेलर या कॅनडाच्या बाईंनी कृत्रिम पापण्यांचे अमेरिकेत पेटंट घेतले. १९१६ मध्ये डी. डब्ल्यू. ग्रिफिथ यांच्या 'इनटॉलरन्स' या मूकपटासाठी सीना ओवेन या अभिनेत्रीच्या डोळ्यांना माणसाच्या केसांच्या पापण्या लावल्या गेल्या. बारीक जाळीदार कापडात केस विणून त्या पट्ट्या, नाटकात दाढीमिशा चिकटवायला वापरतात त्या गोंदाने, पापणीवर बसवल्या. लिलियन गिश या अभिनेत्रीने नंतर सांगितले, की एके दिवशी सीना सेटवर आली तेव्हा तिचे डोळे सुजून जवळजवळ मिटले होते.

हे वाचले तेव्हा मला भाचीचा चेहरा आठवला. शंभर वर्षांत पापण्या बदलल्या, ग्लू बदलले, पण तक्रार तीच राहिली.

बाजारात काय काय मिळते?

पहिला प्रकार पट्टीचा. एका बारीक पट्टीवर केस गुंफलेले असतात. ती पट्टी आपल्या केसांच्या मुळाशी, कातडीवर चिकटवायची आणि त्याच दिवशी काढायची. घरी लावायला हाच प्रकार ठीक.

दुसरा प्रकार छोट्या झुपक्यांचा. तीन-चार केसांचे झुपके एकेक करून लावतात. दिसायला ते नैसर्गिक दिसतात, पण लावायला सरावाचा हात लागतो आणि ग्लू डोळ्याच्या अगदी जवळ जातो. पहिल्यांदा लावणारीने या वाटेला जाऊ नये.

तिसरा प्रकार चुंबकाचा. यात ग्लूऐवजी बारीक चुंबक असतात. काही प्रकारांत लोहकण असलेले आयलायनर आधी लावावे लागते आणि त्या आयलायनरचीही ॲलर्जी येऊ शकते. एक गोष्ट घरात सर्वांना माहीत हवी. एमआरआय तपासणीला जाताना या पापण्या आणि ते आयलायनर पूर्ण काढलेले असले पाहिजे. त्या यंत्राच्या ताकदीपुढे हा चुंबक धोक्याचा ठरतो.

चौथा प्रकार 'एक्स्टेन्शन'चा. पार्लरमध्ये आपल्या एकेका केसाला एकेक नकली केस चिकटवतात. तो दोन-तीन आठवडे किंवा जास्तही राहतो. त्याचा ग्लू बहुधा सायनोॲक्रिलेट जातीचा असतो, म्हणजे तुटलेली कपबशी क्षणात जोडणाऱ्या गोंदाच्या कुळातला. जपानमधील नेत्रतज्ज्ञांनी २०१२ साली एक अहवाल प्रसिद्ध केला. एक्स्टेन्शननंतर डोळ्यांचा त्रास घेऊन आलेल्या १०७ स्त्रियांची त्यात माहिती होती. त्यांपैकी ६४ जणींना डोळ्याच्या पृष्ठभागाचा दाह होता आणि ४२ जणींना पापण्यांची ॲलर्जी. हा प्रकार घरी करायचा नाहीच. पार्लरमध्येही करण्याआधी दहादा विचार करावा.

माझे मत विचाराल तर एकच नियम सांगेन. जे झोपण्याआधी पाण्याने किंवा तेलाने सहज निघते तेवढेच डोळ्याला लावावे.

वुजू, गुस्ल आणि जायज-नाजायजचा प्रश्न

आपल्या घरांत हा प्रश्न निघणारच आणि निघायलाच हवा. मी मुफ्ती नाही, शिक्षिका आहे. जे वाचले आणि जाणकारांकडून ऐकले तेवढेच सांगते.

केसांना केस जोडण्याबाबतच्या हदीस बुखारी शरीफ आणि मुस्लिम शरीफ दोन्हींत आहेत. त्यांतल्या एका हदीसच्या रावी हजरत अस्मा बिन्ते अबू बक्र (रजि.) आहेत. एका आईने प्रेषित मुहम्मद (स.) यांना विचारले, की आजारपणाने माझ्या मुलीचे केस गळाले, तिचे लग्न ठरले आहे, तर दुसरे केस जोडू का? प्रेषितांनी (स.) त्यास मनाई केली. ही हदीस वाचताना ती आई मला फार जवळची वाटली. चौदाशे वर्षांपूर्वीही लग्नाच्या आधी आईच्या मनात हीच घालमेल होती.

या हदीसच्या आधारे अनेक उलेमा नकली पापण्याही नाजायज मानतात. माणसाच्या केसांच्या असतील तर मनाई आणखी स्पष्ट आहे. हनफी फिकहमध्ये माणसाचे केस आणि इतर गोष्टींचे केस यांत फरक केला जातो. म्हणून काही उलेमा कृत्रिम धाग्याच्या, तात्पुरत्या, कुणाची फसवणूक न करणाऱ्या पापण्यांना सवलत देतात. मतभेद आहे, हे खरे. तेव्हा आपण ज्या आलिमांना मानता त्यांना विचारून घ्यावे. विचारताना पाकीट जवळ ठेवा, कारण पापण्या कशाच्या आहेत हे त्यावर लिहिलेले असते: कृत्रिम धागा, मिंक नावाच्या प्राण्याचे केस की माणसाचे केस.

वुजूबाबत मात्र गोष्ट सरळ आहे. वुजूत पूर्ण चेहरा धुणे फर्ज आहे आणि पाणी कातडीपर्यंत पोहोचले पाहिजे. पट्टी आणि ग्लू पाणी अडवतात, म्हणून वुजूआधी त्या काढाव्या लागतात. एक्स्टेन्शन तर गुस्लच्या वेळीही निघत नाही. आठवडेच्या आठवडे हा प्रश्न डोक्यावर ठेवून फिरण्यात काय अर्थ?

इथे एक गोष्ट मोकळेपणाने बोलते. आपल्याकडे निकाहच्या दिवशी नवरीची जोहर जाते, असर जाते, मगरिबही जाते. घरातली कुणी बाई तिला उठवत नाही, कारण मेकअप बिघडेल. ज्या दिवशी सगळे मिळून तिच्यासाठी दुआ मागतात, त्याच दिवशी तिला नमाजपासून लांब बसवायचे, हे मला पटत नाही. कार्यक्रमाच्या वेळा बघून मेकअपची वेळ ठरवली तर हे टाळता येते. जोहर पढून तयारीला बसावे. फोटो आणि भेटीगाठी असरपर्यंत उरकाव्यात. पापण्या त्या दोन-तीन तासांपुरत्याच असाव्यात. असरआधी त्या काढायला पाच मिनिटे लागतात आणि नुसत्या मस्काऱ्याच्या डोळ्यांनीही नवरी नवरीच दिसते. मस्कारा पाण्याने निघणारा घ्यावा. वॉटरप्रूफ मस्काऱ्याची अडचण ग्लूसारखीच आहे.

खरेदी आणि परीक्षा

पाकिटावर उत्पादकाचे नाव-पत्ता, घटकांची यादी आणि वापराची मुदत असेल तरच घ्या. पाकिटातल्या फुकट नळीवर हे नसते, म्हणून ती टाकून द्या आणि ग्लू वेगळा घ्या. तुम्हाला रबराच्या हातमोज्यांनी किंवा फुग्याने खाज सुटत असेल, तर लॅटेक्स नसलेला ग्लू मागा, कारण पापण्यांच्या बऱ्याच ग्लूंत लॅटेक्स असते. नळीवर उघड्या डबीचे छोटे चित्र आणि त्यात आकडा असतो. उघडल्यानंतर तितक्याच महिन्यांत ती वापरायची असते. घरातला झटपट चिकटणारा गोंद डोळ्याजवळ नेऊसुद्धा नका.

आता परीक्षा. समारंभाच्या किमान दोन दिवस आधी ग्लूचा एक ठिपका कोपराच्या आतल्या बाजूला किंवा कानामागे लावा. काही ॲलर्जी लगेच दिसत नाही, एक-दोन दिवसांनी उठते. म्हणून ४८ तास वाट पाहा. खाज, लाली, पुरळ काही आले तर तो ग्लू तुमच्यासाठी नाही. ही परीक्षा मी केली असती, तर हा लेख लिहायची वेळ आली नसती.

डोळे आलेले असतील, रांजणवाडी झाली असेल, पापण्यांच्या काठावर कोंडा किंवा खपल्या असतील, नुकतेच डोळ्याचे ऑपरेशन झाले असेल, तर नकली पापण्यांचा विचार सोडून द्या.

लावायच्या कशा?

समारंभाच्या दिवशी पहिल्यांदाच लावू नका. ४८ तासांची परीक्षा पार पडली की एखाद्या निवांत दुपारी सराव करून पाहा. लागणारे सामान थोडे आहे: आरसा, बारीक बोथट चिमटा, छोटी कात्री, कापूस आणि भरपूर उजेड.

१. हात साबणाने धुवा. चिमटा स्पिरिटने पुसा आणि पूर्ण वाळू द्या. पापण्यांवर तेल किंवा क्रीम नको, नाहीतर पट्टी धरत नाही. कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असाल तर ती सर्वांत आधी घाला.

२. नवी पट्टी डब्यातून ओढू नका. बाहेरच्या टोकाकडून हळूहळू सोडवा. न चिकटवता पापणीवर धरून माप घ्या. ती बहुतेक वेळा लांब असते. जास्तीचा भाग बाहेरच्या, म्हणजे कानाकडच्या टोकाने कापा. पट्टी डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यापासून थोडी अलीकडे सुरू झाली पाहिजे, नाहीतर ती नाकाजवळ टोचत राहते. कापायचे काम पट्टी हातात घेऊन करायचे. डोळ्यावर असताना कात्री लावायची नाही.

३. पट्टी बोटाभोवती गुंडाळून थोडी वाकवा, म्हणजे ती पापणीच्या गोलाईवर बसते.

४. ग्लूची अगदी बारीक रेघ पट्टीच्या काठावर द्या. दोन्ही टोकांना किंचित जास्त, कारण टोकेच आधी सुटतात. ग्लू पट्टीला लावायचा, पापणीला नाही.

५. आता थांबा. अर्धा मिनिट तरी. ग्लू ओला असताना पट्टी घसरते आणि तो डोळ्यात उतरतो. किंचित चिकट झाला की तयार झाला. घाईत सगळ्यात जास्त चूक इथेच होते.

६. आरसा हनुवटीच्या खाली धरा आणि खाली पाहा. डोळा मिटायचा नाही, नुसती नजर खाली. पट्टीचा मध्यभाग आधी टेकवा, आपल्या केसांच्या मुळाच्या अगदी वर, कातडीवर. मग बाहेरचे टोक, शेवटी आतले. पापणीच्या आतल्या ओल्या कडेला ग्लू लागता कामा नये.

७. बोटाने किंवा चिमट्याच्या पाठीने हलके दाबून अर्धा मिनिट धरा. चिमट्याचे टोक डोळ्याकडे कधीही नको. दुसरी कुणी लावत असेल तर तिने मनगट नवरीच्या गालावर टेकवावे. हात टेकलेला असला की हलत नाही. आणि लहान मुलांना त्या खोलीतून बाहेर पाठवा. धावत आलेल्या पोराच्या एका धक्क्याने चिमटा कुठे जाईल, सांगता येत नाही.

लावल्यावर चुरचुर झाली तर "थोड्या वेळाने थांबेल" म्हणून बसू नका. काढा. भाचीलाही लावल्यावर अर्ध्या तासात खाज सुटली होती. मीच तिला म्हणाले होते, "सवय होईल बेटा."

काढायच्या कशा?

लेखातले सर्वांत महत्त्वाचे आता सांगते. कितीही रात्र झाली असेल, कितीही झोप येत असेल, तरी पापण्या लावून झोपायचे नाही आणि कोरड्या ओढायच्या नाहीत.

आधी हात धुऊन कॉन्टॅक्ट लेन्स काढा. डोळ्यांचा मेकअप काढायचे तेलकट द्रव्य मिळते, ते कापसाला लावा. घटक तपासून आणलेल्या ग्लूवर पाण्याने निघतो असे लिहिले असेल तर कोमट पाणीही चालते. डोळा मिटून तो कापूस पट्टीच्या काठावर अर्धा मिनिट नुसता धरून ठेवा. घासू नका. ग्लू मऊ झाला की बाहेरच्या टोकाकडून आत, हळूहळू पट्टी सोडवा. कुठे अडली तर तिथे पुन्हा कापूस धरा. ओढ लागते आहे असे वाटले तर ग्लू अजून सुटलेला नाही. शेवटी उरलेला ग्लू ओल्या कापसाने पुसून चेहरा धुवा.

नवरीसाठी एक छोटी पिशवी तयार करून तिच्या बॅगेत ठेवा: कापूस, मेकअप काढायचे द्रव्य, छोटा आरसा. सासरी पहिल्या रात्री ती हे कुणाकडे मागणार? आम्ही दागिन्यांची यादी तीनदा तपासली होती. ही पिशवी कुणाच्या डोक्यातही आली नव्हती.

काढलेली पट्टी पुन्हा वापरायची असेल, तर तिच्यावरचा सुकलेला ग्लू चिमट्याने सोलून काढा, पट्टी पुसून वाळवा आणि डब्यातल्या गोलाईवरच ठेवा. ओली ठेवली तर जंतू वाढतात. आणि ही वस्तू बहिणी-बहिणींतही वाटून घ्यायची नाही. एकीच्या डोळ्याचा संसर्ग दुसरीला असाच जातो. काजळाची कांडी आणि मस्काऱ्याचा ब्रश यांनाही हाच नियम.

काही बिघडले तर

ग्लू डोळ्यात गेला तर डोळा चोळू नका. स्वच्छ वाहत्या पाण्याने दहा-पंधरा मिनिटे धुवा. पापण्या एकमेकींना चिकटल्या असतील तर जबरदस्तीने उघडू नका, डॉक्टरांकडे जा. दुखणे, अंधुक दिसणे, उजेड सहन न होणे, पू येणे, सूज वाढणे, यांपैकी काहीही असेल तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा.

मेडिकलच्या दुकानातून स्वतःच्या मनाने थेंब आणून घालू नका. डोळ्यांच्या काही थेंबांत स्टेरॉइड असते. लाली त्याने लगेच उतरते, पण ओरखडा किंवा संसर्ग असेल तर आतून नुकसान वाढते. गुलाबपाणी, मध, दूध, यांतलेही काही नको.

मग सुरमा बरा का?

आमच्या अम्मी हे सगळे पाहून म्हणाल्या, "आमच्या वेळी सुरमा पुरे होता." त्यांचे खरेच आहे. इस्मिद या सुरम्याने दृष्टी स्वच्छ होते आणि पापण्यांचे केस उगवतात, अशी हदीस तिर्मिजी आणि इब्ने माजा यांत आहे. इस्मिद म्हणजे अँटिमनीचा दगड. पण आज सुरमा म्हणून विकले जाणारे सगळेच इस्मिद नसते. पुष्कळदा तो गॅलेना, म्हणजे शिशाचे खनिज असतो. शिसे लहान मुलांच्या मेंदूला घातक आहे. डोळ्याला लावलेले हाताला लागते आणि हात तोंडात जातो. अमेरिकेचे अन्न व औषध प्रशासन याच कारणाने सुरमा-काजळाच्या अशा पदार्थांना परवानगी देत नाही. तेव्हा उमऱ्याहून कुणी प्रेमाने आणलेल्या सुरम्याच्या डबीवरही घटक पाहावेत आणि तान्ह्या बाळाच्या डोळ्यांत तर तो घालूच नये.

एरंडेल तेल लावून केस दाट होतात, असेही बायका सांगतात. त्याला ठोस पुरावा नाही. पापण्यांचे केस वाढवणारे एक औषध आहे, बायमॅटोप्रॉस्ट. मूळचे काचबिंदूचे हे औषध अमेरिकेत २००८ साली या कामासाठीही मंजूर झाले. पण त्याने पापणीची कातडी आणि क्वचित बुबुळाचा रंगही गडद होऊ शकतो. डॉक्टरांशिवाय त्याच्या वाटेला जाऊ नये. केस अचानक गळू लागले असतील, तर ते झाकण्याआधी कारण शोधावे. थायरॉइड, कातडीचे आजार, काही औषधे, अशी बरीच कारणे असतात.

शेवटी

मागच्या हिवाळ्यात धाकट्या भाचीचा निकाह झाला. तिच्या आलिमा मैत्रिणीशी बोलून तिने कृत्रिम धाग्याच्या, सर्वांत आखूड पापण्या घेतल्या. दोन दिवस आधी कोपरावर ग्लूचा ठिपका लावला. जोहर पढून ती तयार व्हायला बसली. पट्टी तिने स्वतःच लावली, मी फक्त आरसा धरला. असरच्या अजानच्या आधी मोठ्या बहिणीने कापूस भिजवून पापण्या काढल्या. ती मोठी बहीण आता नुसता मस्कारा लावते.

नंतर फोटो आले. अम्मींनी चष्मा लावून सगळे नीट पाहिले. असरआधीचे आणि नंतरचे फोटो एकमेकांत मिसळले होते. "कुठल्यात लावल्या होत्या गं?" त्यांनी विचारले. धाकटीने दोन फोटो उचलून दाखवले, तरी अम्मींना फरक कळला नाही.

बहिणींनो, मुलीला सजवण्याची हौस प्रत्येक घरात असते आणि असावी. पण या वेळी दागिन्यांच्या यादीत ती कापसाची पिशवीही लिहा. अल्लाहने दिलेले डोळे ही अमानत आहे. आपल्या मुलींच्या डोळ्यांना तो थंडावा देवो. आमीन.